हेक्लाच्या पायथ्याच्या घोड्या

युरोपच्या नकाशात वरच्या डाव्या कोपऱ्यात, उत्तर ध्रुववृत्ताला टेकल्यासारखे एक बेट दिसते; ते आइसलंड होय. नावावरून हिमाचे आगर वाटावे असे हे बेट वस्तुतः हिम आणि अग्नी या दोघांच्या समाईक मालकीचे आहे. राजधानी रेक्याविक सोडून प्रवासी पूर्वेकडच्या रस्त्याला लागला म्हणजे प्रथम त्याला हेटलिसहेदी नावाच्या पठारावरून जावे लागते. काळा, थिजलेला लाव्हारस, त्यावर शेवाळाचे करड्या-हिरव्या रंगाचे आच्छादन, आणि मधूनमधून जमिनीच्या पोटातून उसळणारे वाफेचे लोट, एवढाच तेथला देखावा. पठार उतरताच मात्र चित्र पालटते. खाली उष्ण झऱ्यांच्या आधाराने काचघरांत भाजीपाला व फुले पिकवणारे गाव लागते. पुढे सेलफॉस, आणि त्याही पुढे थ्योर्साउ ही सुमारे २३० किलोमीटर लांबीची, देशातील सर्वांत लांब नदी. हिमनद्यांच्या गाळाने तिचे पाणी दुधाळ करडे झालेले असते. ती ओलांडली की रेक्याविकपासून सुमारे ९५ किलोमीटरांवर हेटला हे लहानसे गाव येते, आणि दक्षिण आइसलंडची विस्तीर्ण सपाटी डोळ्यांपुढे उलगडते.

ईशान्येस १,४९१ मीटर उंचीचा हेक्ला हा ज्वालामुखी. मध्ययुगीन युरोपात लोक त्याला नरकाचे द्वार समजत. १९४७ साली तो तेरा महिने धुमसत राहिला आणि २००० सालीही जागा झाला. पूर्वेकडे हिमाची टोपी घातलेला एयाफ्यात्लायोकुत्ल. २०१० साली ह्याच्याच राखेने साऱ्या युरोपची विमाने कित्येक दिवस जमिनीवर खिळवून ठेवली होती. दक्षिणेस समुद्र, आणि निरभ्र दिवशी क्षितिजावर वेस्टमन बेटांचे निळसर सुळके. या सपाटीवर झाड म्हणावे असे फारसे आढळत नाही. गवत मात्र उदंड. उन्हाळ्यात रात्रही उजळलेली असल्यामुळे ते जणू दिवसरात्र वाढते. आणि त्या गवतात, जिकडे दृष्टी टाकावी तिकडे, घोडे.

हे घोडे बांध्याने लहान, मानेवर दाट आयाळ असलेले आणि थंडीत अस्वलासारखी लव वाढवणारे. नवव्या-दहाव्या शतकांत नॉर्वेकडून आलेल्या वसाहतवाल्यांनी यांचे पूर्वज उघड्या गलबतांतून येथे आणले. त्यानंतर शेकडो वर्षे परका घोडा या बेटावर आलेला नाही. इतकेच नव्हे, तर एकदा देशाबाहेर गेलेला घोडाही कायद्याने परत येऊ शकत नाही. या सोवळेपणाचा लाभ असा की, इतर देशांतील घोड्यांचे अनेक सांसर्गिक रोग येथे पोहोचलेच नाहीत. ‘टोल्ट’ नावाची यांची एक खास चाल आहे. ती इतकी संथ व सारखी असते की, स्वाराच्या हातातील पेला हिंदकळू नये असे तेथील लोक अभिमानाने सांगतात.

वसंतात माद्या विततात, शिंगरे आयांच्या पोटाखाली लपतछपत वाढतात, आणि कळप बराचसा मोकळाच राहतो. शरद ऋतू लागला म्हणजे डोंगरात चरावयास सोडलेले कळप खाली हाकून आणण्याचा मोठा उत्सव होतो. पाहणाऱ्यास वाटावे की, प्राण्याने माणसाच्या संगतीत इतके स्वातंत्र्य भोगल्याचे दुसरे उदाहरण विरळाच. आपल्या पुराणांत सूर्यपत्नी संज्ञा घोडीचे रूप धारण करून उत्तरकुरूंच्या देशी एकांतात वावरत होती, आणि तिच्याच पोटी देवांचे वैद्य अश्विनीकुमार जन्मले, अशी कथा आहे. हेक्लाच्या पायथ्याचे हे कुरण पाहिले म्हणजे त्या कथेची आठवण होते. आणि पुढची हकीकत कळली म्हणजे ती आठवण थोडी बोचूही लागते. कारण येथील घोड्यांच्या उदरीही एक औषध जन्मास येते, आणि त्याची किंमत त्यांना स्वतःच्या रक्ताने द्यावी लागते.

या कुरणांत काही ठिकाणी लाकडी खोडे उभारलेले असतात. घोडीला आत घ्यावे, मागेपुढे आडवे बांबू सरकवावे, दावे लावून मान वर बांधावी, एवढ्याच बेताची त्यांची रचना. उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत गाभण माद्या आठवड्यातून एकदा येथे आणीत. पशुवैद्य गळ्याजवळची त्वचा बधिर करी, मोठ्या शिरेत जाड सुई घाली, आणि एका वेळी सुमारे पाच लिटर रक्त काढून घेई. असे एका हंगामात फार तर आठ वेळा. या जातीची घोडी साधारणतः साडेतीनशे ते चारशे किलो वजनाची. तिच्या अंगात रक्त असते पंचवीस ते तीस लिटर. म्हणजे दर खेपेस एकूण रक्ताचा पाचवा-सहावा हिस्सा जाई. हा उद्योग येथे १९८० च्या सुमारास सुरू झाला, आणि २०२१ साली शंभरावर शेतांतील पाच हजारांहून अधिक घोड्या त्यात गुंतलेल्या होत्या.

या रक्तात असे काय आहे, हा प्रश्न वाचकांच्या मनात साहजिकच उभा राहील. त्याचे उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर, साखर! चहात पडते ती नव्हे. प्रथिनाच्या रेणूला फांद्यांसारख्या चिकटलेल्या शर्करांची ही गोष्ट आहे. अशा रेणूंस ग्लायकोप्रोटीन, म्हणजे शर्करायुक्त प्रथिन, म्हणतात. घोडीच्या गर्भाशयात या शर्करांचे जे कार्य चालते ते समजावून घेतल्यावाचून हेक्लाच्या पायथ्याचे ते खोडे कोणी व कशासाठी उभारले, याचा उलगडा होणार नाही.

हे कार्य फार लवकर सुरू होते. गर्भ सहाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयात उतरतो, आणि लागलीच त्याच्याभोवती शर्करायुक्त प्रथिनांचे एक चिवट, पारदर्शक वेष्टन तयार होते. इतर पाळीव जनावरांचा गर्भ या वेळी लांबट सुतासारखा पसरतो. घोडीचा मात्र या वेष्टनामुळे चेंडूसारखा वाटोळा राहतो, आणि सोळाव्या दिवसापर्यंत गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांतून येरझारा घालीत असतो. जणू घरातील प्रत्येक खोलीत जाऊन तो ‘मी आलो आहे’ असे सांगत फिरतो. आणि ही वर्दी सर्वत्र पोहोचली नाही तर आईचे शरीर त्याची दखल घेत नाही, गर्भ टिकत नाही. सोळाव्या दिवसाच्या सुमारास वेष्टनावरील सायॅलिक आम्ल नावाची शर्करा कमी होते, आणि त्याच वेळी गर्भ एका जागी स्थिरावतो. हे सायॅलिक आम्ल वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढच्या कथेचा नायक तेच आहे.

पुढची कथा पाहण्यासाठी आपणांस आइसलंड सोडून क्षणभर कॅलिफोर्नियात जावे लागेल. तेथील विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शेतकी शाखेत हॅरोल्ड कोल व जॉर्ज हार्ट या दोघांनी गाभण घोड्यांची रक्तलस वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना टोचून पाहिली. त्या अल्पवयी माद्यांचे बीजकोश अकाली पक्व झाले. चाळिसाव्या दिवसाच्या आसपास घोडीच्या रक्तात बीजकोश जागे करणारे एखादे प्रभावी द्रव्य उतरते, हे १९३० साली त्यांनी प्रसिद्ध केले. हे संप्रेरक येते कोठून? जर्मन शास्त्रज्ञ शाउडर याने १९१२ सालीच गाभण घोडीच्या गर्भाशयात नालाच्या आकारात मांडलेल्या फिकट वाट्यांसारख्या गाठी वर्णिल्या होत्या. कोल व गॉस यांनी १९४३ साली त्याच गाठी या द्रव्याचे उगमस्थान असल्याचे दाखविले.

तरीही खरा चमत्कार बाकीच होता. या वाट्या गर्भाशयाच्या अस्तरात रुतलेल्या, तेव्हा त्या आईच्याच असणार असा सर्वांचा समज. १९७२ साली केंब्रिज येथे ॲलन व मूर यांनी सिद्ध केले की, त्या आईच्या नव्हेत, शिंगराच्या आहेत! गर्भाच्या आवरणावरील एका पट्ट्यातील पेशी छत्तिसाव्या ते अडतिसाव्या दिवशी आपले घर सोडून आईच्या गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात, तेथेच मुक्काम ठोकतात आणि हे संप्रेरक आईच्या रक्तात सोडू लागतात. घोडीच्या पोटी गाढवापासून राहिलेले खेचर असेल, तर हे द्रव्य फारच थोडे निर्माण होते. यावरूनही त्याची निर्मिती गर्भाच्या बीजावर अवलंबून असल्याचे दिसते. त्या द्रव्याच्या प्रभावाने आईच्या बीजकोशांत नवे पीतपिंड तयार होतात आणि वार आपले काम सांभाळू लागेपर्यंत गर्भधारणेस आधार देतात. आईचे श्वेतकण या परक्या पेशींभोवती गोळा होतात आणि शंभरावा दिवस उलटल्यावर त्यांना हळूहळू संपवून टाकतात. त्यापूर्वी पोटातील गर्भ गेला, तरी त्या पेशी आपले काम चालूच ठेवतात. ज्याने धाडले तो राहिला नाही, तरी दूत निरोप सांगतच राहावा, असा तो प्रकार.

आता साखरेकडे वळू. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून बीजकोशावर सत्ता चालवणारे एक संप्रेरक स्रवत असते. घोडीत या संप्रेरकाचा विशेष भाग आणि गर्भाच्या वाट्यांतून येणाऱ्या द्रव्याचा विशेष भाग एकाच जनुकावरून तयार होतो, हे १९९२ साली निश्चित झाले. म्हणजे धागा एकच. फरक आहे तो त्यावर चढविलेल्या शर्करेत. पीयूषिकेच्या संप्रेरकावर शर्करा बेताची, आणि तिची टोके गंधकयुक्त. गर्भाच्या द्रव्यात मात्र एकूण वजनाचा सुमारे ४५ टक्के भाग शर्करेचाच, आणि तिच्या टोकांवर आपले ते सायॅलिक आम्ल.

एवढ्याशा भेदाने केवढा फरक पडावा? आपल्या यकृतात जुन्या, झिजलेल्या प्रथिनांस ओळखून रक्तातून उचलणारी एक व्यवस्था आहे. गिल्बर्ट ॲशवेल व ॲनॅटोल मोरेल यांनी १९६० नंतरच्या वर्षांत तिचा शोध लावला. शर्करेच्या शाखेवरील सायॅलिक आम्लाचे टोक गळाले आणि आतली गॅलॅक्टोज शर्करा उघडी पडली की, यकृत तो रेणू ताबडतोब उचलते. सायॅलिक आम्ल शाबूत असेपर्यंत मात्र त्या रेणूस जणू राजाचा परवानाच मिळालेला असतो. शिवाय हा शर्करेने फुगलेला रेणू इतका मोठा की, मूत्रपिंडाच्या गाळणीतूनही तो सुटत नाही. पीयूषिकेचे संप्रेरक रक्तातून पुष्कळ लवकर निम्मे होते. गर्भाचे हे द्रव्य घोडीच्या रक्तात निम्मे होण्यास सुमारे सहा दिवस लागतात. कोवळ्या शिंगराने आईच्या शरीरात आपला शब्द दीर्घकाळ टिकावा म्हणून त्याला साखरेचे चिलखत घालून पाठवावे, अशी ही निसर्गाची युक्ती.

आणि हीच युक्ती घोडीच्या अंगावर उलटली! घोडीचे हे द्रव्य डुकरीण, मेंढी, शेळी, गाय यांना टोचले, तर त्यांच्या शरीरात ते पीयूषिकेच्या दोन निरनिराळ्या संप्रेरकांचे काम एकटेच करते, आणि दीर्घकाळ टिकत असल्यामुळे एका सुईत काम भागते. मोठमोठ्या वराहशाळांत शेकडो माद्या एकाच वेळी माजावर याव्यात, एकाच आठवड्यात विताव्यात, म्हणजे पिल्ले एकदमच बाजारी धाडता येतात. या सोयीसाठी त्याला मोठी मागणी निर्माण झाली. इन्सुलिनसारखे साधे प्रथिन जंतूंकडून करवून घेता आले, कारण त्यावर शर्करा नाही. परंतु शर्करेच्या एवढ्या गुंतागुंतीच्या शाखा जंतू चढवू शकत नाहीत. तेव्हा घोडीवाचून गत्यंतर नाही असे अनेक दशके मानले गेले. मानवी स्त्रीचे तत्सम संप्रेरक मूत्रातून मिळते. घोडीचे मूत्रात उतरत नाही, म्हणून तिचे रक्तच घ्यावे लागते. ज्या शर्करेने गर्भाचे रक्षण व्हावे, तिनेच आईला खोड्यात आणून उभे केले.

आता पुन्हा हेक्लाच्या पायथ्याशी येऊ. नोव्हेंबर १९२१ नव्हे, तर अगदी अलीकडे, नोव्हेंबर २०२१ मध्ये, जर्मनी व स्वित्झर्लंडमधील प्राणिरक्षक संस्थांनी येथील रक्तसंकलनाची चित्रफीत प्रसिद्ध केली. अर्धवट रानटी, माणसाच्या हाताची सवय नसलेल्या माद्या खोड्यात धडपडताना आणि माणसे त्यांना काठीने ढोसताना त्यात दिसली. त्याच्या एकच महिना आधी युरोपीय संसदेने या द्रव्याची आयात व उत्पादन थांबवावे असा ठराव केला होता. दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना व उरुग्वे येथील अशाच उद्योगाविषयी तर याहूनही गंभीर आरोप याच संस्थांनी पूर्वीच केले होते. आइसलंड सरकारने २०२२ साली स्वतंत्र नियम केले. युरोपीय मुक्त व्यापार संघाच्या निरीक्षक मंडळाने २०२३ साली ते अपुरे ठरविले. शास्त्रीय प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांस जे कडक संरक्षण लागू आहे तेच या घोड्यांस लागू झाले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. त्याच वर्षी सरकारने ते मान्य करून आपले स्वतंत्र नियम मागे घेतले.

शेतकऱ्याची बाजू ऐकून न घेता निकाल देणे न्यायाचे होणार नाही. त्याचे म्हणणे असे की, या माद्या वर्षाचे बहुतेक दिवस मोकळ्या कुरणात, शिंगरांसह, कळपाच्या संगतीत काढतात. दुष्टपणा क्वचित कोणी केला, त्यावरून सर्वांस दोष का? ही मिळकत बुडाली तर या कळपांना पोसणार कोण? हे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. परंतु त्याच्याच शेजारी दुसरे सत्यही उभे आहे. रक्तासाठी घोडी दरवर्षी गाभण राहिली पाहिजे. आणि एवढ्या शिंगरांना स्वारीसाठी मागणी नसल्याने त्यांतील पुष्कळांची वाट खाटकाकडेच जाते. ज्या शिंगराच्या पेशींनी ते द्रव्य निर्माण केले, त्याचेच या व्यवहारात काही मोल नाही.

यावर कोणी म्हणेल की, घोड्याचे रक्त काय आपल्याकडे घेत नाहीत? घेतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने घोड्यांच्या रक्तापासून सर्पविषावरील प्रतिविष तयार केले, आणि शेतात साप चावलेल्या कित्येक कुणब्यांचे प्राण त्याने वाचले आहेत. त्या घोड्याच्या वेदनेविषयीही आपण उदासीन राहू नये. तरी तेथे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात माणसाचा जीव आहे. हेक्लाच्या पायथ्याच्या घोडीचे रक्त ज्या पारड्याविरुद्ध तोलले जाते, त्यात आहे ती वराहशाळेच्या वेळापत्रकाची सोय. दोन्हीकडे सुई तीच, शीरही तीच. पण प्रयोजन भिन्न झाले की कर्माचे स्वरूप पालटते, हे आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वीच सांगून ठेविले आहे.

समाधानाची गोष्ट एवढीच की, ज्या ज्ञानाने घोडीला बंधनात टाकले, त्याच ज्ञानाने तिच्या सुटकेचा मार्गही दाखविला आहे. सस्तन प्राण्यांच्या पेशी काचपात्रात वाढवून त्यांच्याकडून शर्करायुक्त प्रथिन करवून घेण्याची विद्या आता साध्य झाली आहे, आणि अर्जेंटिनात या मार्गाने तयार झालेले घोडीचे संप्रेरक बाजारात आले आहे. शिवाय नराचा सहवास, पुरेसा उजेड, योग्य आहार आणि पिल्ले तोडण्याची नीट वेळ या जुन्याच उपायांनीही डुकरीण माजावर येते, हे जाणत्या पशुपालकांस ठाऊक आहे. घोडीवाचून गत्यंतर नाही, हे म्हणणे आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही; आणि गत्यंतर असताना घेतलेल्या रक्ताचा जाब अधिक कठोरपणे विचारला जाईल.

परवडते म्हणून घ्यावे, की आवश्यक आहे तेवढेच घ्यावे, हा प्रश्न केवळ आइसलंडच्या शेतकऱ्याचा नाही. दुभत्या गाईच्या वासराला किती थाने सोडावी, याचा विचार ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या झाला, त्या घरांतील वाचकांस तो नवा वाटू नये. शिंगराने आपल्या आईला साखरेत घोळवून एक निरोप पाठविला. तो मधल्या मधे हस्तगत करण्याचे कौशल्य माणसाने मिळविले. तो हस्तगत करण्याची योग्यता आपल्या अंगी आहे की नाही, हे मात्र कौशल्याने ठरत नसते.